बसून राहिलेला हत्ती

मंडळी, आजचा विषय लांब आहे आणि उदासही. ‘ॲन एलिफंट सिटिंग स्टिल’ हा २०१८ सालचा चिनी सिनेमा. लांबी चार तासांना थोडी कमी. गाणं नाही, विनोद जवळजवळ नाही, ऊन नाही. (हो, ऊन! मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाची आठवण यावी असा हा सिनेमा आहे, यावरून काय ते समजा.) गेल्या काही वर्षांत हा सिनेमा मी ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला आणि बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, इतकं रडकं कशाला बघायचं? आयुष्यात टेन्शन कमी आहे का?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर टपरीवर कटिंग संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून हा शनिवारचा लेखप्रपंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की हा सिनेमा रडका तर नाहीच, निराशही नाही. तो निराश आहे असं आपल्याला वाटतं त्याला मोठं कारण सिनेमाच्या बाहेरचं आहे. तो बनवणारा मुलगा सिनेमा पूर्ण होऊन लोकांसमोर यायच्या आत गेला. स्वतःहून गेला. आणि त्यानंतर सगळं जग त्याच्या सिनेमाकडे त्याची शेवटची चिठ्ठी म्हणून बघायला लागलं. मला हे बघणं चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

आधी गोष्ट. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा. पण खरं सांगू का, शेवट कळल्यामुळे बिघडणाऱ्यातला हा सिनेमा नव्हे.

उत्तर चीनमधलं एक धुरकट, कारखानी शहर. हिवाळा. सकाळ ते रात्र असा एकच दिवस आणि चार माणसं. वेइ बू हा शाळकरी पोरगा. त्याच्या मित्रावर वर्गातल्या एका दांडगट मुलाने मोबाइल चोरल्याचा आळ घेतलाय. मित्राची बाजू घ्यायला वेइ बू जातो, झटापट होते, तो दांडगट जिन्यावरून खाली पडतो. या दांडगट मुलाचा मोठा भाऊ यू चंग, गल्लीतला दादा. हा त्याच दिवशी सकाळी आपल्या जिवलग मित्राच्या बायकोबरोबर सापडलेला आहे आणि त्या मित्राने त्याच्यादेखत जीव दिलाय. हुआंग लिंग ही वेइ बूच्या शाळेतली मुलगी. घरी आईशी रोजची भांडणं, शाळेतल्या एका बड्या अधिकाऱ्याबरोबर प्रकरण, आणि त्याचा व्हिडिओ आता सगळ्यांच्या मोबाइलवर. आणि चौथे वांग जिन, म्हातारे आजोबा. मुलगी आणि जावई त्यांना वृद्धाश्रमात ठेवायच्या विचारात आहेत.

या चौघांनाही कधी ना कधी एक गोष्ट ऐकू आलेली असते. दूर तिकडे, रशियाच्या सीमेवरच्या मांझोउली नावाच्या गावी एक हत्ती आहे. तो दिवसभर नुसता बसून असतो. लोक त्याला टोचतात, खायला टाकतात, तो ढिम्म. बस्स. हा हत्ती बघायला जायचं, एवढंच काय ते चौघांचं ध्येय.

आता यात आजोबांचं प्रकरण बघा, कारण ते आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत घडू शकतं. जावई वाईट माणूस नाही. तो ओरडत नाही, अपमान करत नाही. तो शांतपणे समजावून सांगतो. पोरीला चांगल्या शाळेत घालायचंय, त्या शाळेच्या भागात जागा महाग, म्हणून घर लहान घ्यावं लागणार, तिथे सगळे मावणार नाहीत. आजोबा आताच बाल्कनीत झोपतात. ते म्हणतात, मला कुत्रा आहे, वृद्धाश्रमात कुत्रा चालत नाही. आणि त्याच दिवशी रस्त्यात दुसरं एक मोठं कुत्रं त्यांच्या कुत्र्याला मारून टाकतं.

एवढंच. आजोबांकडे ‘नाही’ म्हणायला एकच कारण होतं आणि ते गेलं. यावर कोणी काही बोलत नाही. कुत्रा मरतानाही दाखवत नाहीत, आपण आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत असतो. पुढे ते एकटेच वृद्धाश्रम बघायला जातात. एका लांबच लांब बोळातून चालत जातात, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमध्ये डोकावत. कॅमेरा त्यांच्याबरोबर चालतो. संवाद नाही. सिडकोतल्या कितीतरी रो-हाउसमध्ये आज दोघंच म्हातारी माणसं राहतात, पोरं पुण्यात नाहीतर अमेरिकेत. त्यांच्यातल्या कोणाला हा प्रसंग दाखवायची माझी तरी छाती नाही. पण त्यांच्या पोरांना जरूर दाखवावा.

हा सिनेमा घेतलाय कसा, तेही सांगायला पाहिजे, कारण गंमत सगळी तिथेच आहे. कॅमेरा बहुतेक वेळ माणसाच्या मानेमागे नाहीतर चेहऱ्याच्या अगदी जवळ. कट फार थोडे, एकेक शॉट कितीतरी मिनिटं चालतो. आणि फोकसमध्ये फक्त तो एक माणूस, मागचं सगळं धूसर. मागे कोणीतरी मारामारी करतंय, कोणीतरी रडतंय, कोणीतरी दार आपटून जातंय, ते सगळं अंधुक, चष्मा काढल्यावर दिसतं तसं. महत्त्वाची घटना बऱ्याचदा चौकटीच्या बाहेर घडते आणि आपल्याला फक्त ती बघणारा माणूस दिसतो.

सुरुवातीला वैताग येतो. पहिला पाऊण तास मलाही वाटत होतं की चष्म्याचा नंबर वाढला. पण मग हळूहळू लक्षात येतं की दुःखात असलेल्या माणसाला जग असंच दिसत असणार. त्याच्यापुरतं तो स्वतः आणि बाकी सगळं धूसर. आणि गंमत म्हणजे गोष्ट चौघांमध्ये फिरत असल्यामुळे, आत्ता जो मागे धूसर उभा होता तोच नंतर फोकसमध्ये येतो. ज्याला आपण खलनायक समजून बसलो होतो त्या यू चंगच्या मानेमागे आपण उभे राहतो आणि कळतं की याचीही रात्र झोपेविना गेलीय. हा माणूस आपल्या मित्राच्या मरणाचा दोष ज्या मुलीने त्याला नाकारलं तिच्यावर टाकू पाहतो. ती तो घेत नाही. सिनेमाभर सगळे हेच करत असतात, आपल्या हातातला निखारा दुसऱ्याच्या हातात द्यायचा प्रयत्न. पालक मुलांवर, मुलं पालकांवर, नवरा बायकोवर. शाळकरी मुलाचा बाप घरातल्या कुबट वासाचं खापरसुद्धा मुलावर फोडतो! आणि ज्याच्यासाठी वेइ बूने सगळं ओढवून घेतलं त्या मित्राने मोबाइल खरंच चोरलेला असतो.

आता चार तासांचं काय? लोक लांबीला फार घाबरतात. मंडळी, ‘लगान’ २२४ मिनिटांचा आहे. पावणेचार तास! आपण तो थिएटरात बघितला, शेवटच्या बॉलला उभे राहिलो, कोणी घड्याळ बघितलं नाही. आपले पणजोबा संगीत नाटकं रात्र रात्र ऐकायचे आणि पहाटे घरी यायचे. तेव्हा लांबी हा मुद्दा नाही, त्या लांबीत काय भरलंय हा मुद्दा आहे. ‘लगान’मध्ये पुढे काय होणार याची ओढ असते. इथे ती ओढच काढून घेतलीय. उरतो फक्त त्या माणसाबरोबर घालवलेला वेळ. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी बसल्यावर कसं, बोलण्यासारखं काही नसतं, करण्यासारखंही काही नसतं, पण उठून जाता येत नाही. तीन तास तसं बसलात की तो माणूस तुमचा होतो. दोन तासांत नाही होत. निर्मात्यांना हा सिनेमा दोन तासांचा करून हवा होता, त्यावरून दिग्दर्शकाचं आणि त्यांचं जोरदार वाजलं, हे आता जगजाहीर आहे. दोन तासांची आवृत्ती कशी झाली असती याची मला कल्पना करता येते. घटना सगळ्या राहिल्या असत्या. उशाशी बसणं गेलं असतं.

‘रडकं’ या शब्दाकडे आता येतो. मराठी माणसाला रडका सिनेमा नवा नाही. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा बायका बसमधून, ट्रॅक्टरमधून येऊन हुंदके देऊन रडल्या, पुन्हा पुन्हा येऊन रडल्या. मी त्याची टिंगल करणाऱ्यांतला नाही. ज्या बाईला घरात रडायची सोय नाही तिला तिकीट काढून अंधारात रडता आलं, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण त्या रडण्याला एक पत्ता होता. सासू दुष्ट, सून बिचारी. आपण सुनेच्या बाजूने रडलो, सासूला शिव्या दिल्या, आणि डोळे पुसून बाहेर पडलो. हिशोब पूर्ण.

हत्तीच्या सिनेमात रडूच येत नाही. मला तरी आलं नाही. कारण कोणाच्या बाजूने रडायचं ते तो ठरवूच देत नाही. छातीत काहीतरी अडकून राहतं आणि चार दिवस तसंच राहतं. माझ्या मते अशा सिनेमांची जी ताकद म्हणतात ती हीच.

मराठीत या जातीचं काही नाही का? आहे. दोन सिनेमे सांगतो, दोन्ही २००९ चे. एक सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’. विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी किसना (गिरीश कुलकर्णी) आणि त्याची बायको अलका (सोनाली कुलकर्णी). शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलीय आणि अलकाच्या मनाने घेतलंय की आता आपला नवराही तेच करणार. मग ती त्याच्यावर नजर ठेवते, पोराला त्याच्या मागे धाडते, त्याला खूश ठेवायला गोडधोड करते. तो बिचारा वैतागतो, पोरगं सारखं पायात पायात का येतंय म्हणून. हे बघताना हसू येतं आणि त्या हसण्याची भीतीही वाटते. ज्या विषयावर आपल्याकडे फक्त आकडे आणि भाषणं ऐकायला मिळतात, त्या विषयावर एका बाईच्या धास्तीचा सिनेमा काढणं, याला मोठी अक्कल लागते. मराठवाड्यात राहणाऱ्याला तर ती धास्ती समजावून सांगायची गरजच नाही. आमच्याकडे पाऊस लांबला की घरोघरी बायका अशाच नजर ठेवून असतात.

दुसरा उमेश कुलकर्णीचा ‘विहीर’. समीर आणि नचिकेत हे भावंडंच, पण मित्र जास्त. नचिकेतला सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. का, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. घरात लग्नाची गडबड, आणि त्यातच तो विहिरीत जातो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे समीरचं त्याला शोधणं. गेलेल्या माणसाला शोधणं म्हणजे काय, हे विचारू नका, बघा. इतकंच सांगतो की ‘विहीर’सुद्धा नचिकेत कसा आणि का गेला याचा निकाल देत नाही. आणि ‘विहीर’ २०१० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. आठ वर्षांनी त्याच महोत्सवात तो चिनी हत्ती आला. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण नातं आहे. आपल्याकडे हा सिनेमा किती जणांनी बघितला, हा प्रश्न मी आमच्या ऑफिसात विचारला होता. तेवीस जणांत दोन हात वर झाले. असो.

आता हू बो. जन्म १९८८, शांदोंग प्रांतातल्या जिनान शहरात. २०१४ ला बीजिंगच्या फिल्म अकादमीतून बाहेर पडला. २०१७ मध्ये त्याची दोन पुस्तकं आली. त्याच वर्षी हंगेरीचे दिग्दर्शक बेला टार यांच्या कार्यशाळेत तो शिकायला गेला. (टार यांच्या २०००च्या ‘वर्कमायस्टर हार्मनीज’मध्ये एका गावात मेलेला प्रचंड देवमासा प्रदर्शनाला येतो. गुरूचा मासा आणि शिष्याचा हत्ती, गंमतच आहे.) आणि १२ ऑक्टोबर २०१७ ला बीजिंगमध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय २९. फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिनला सिनेमा त्याच्या लांबीसह दाखवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तैपेईच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पुरस्कार घ्यायला हू बोची आई आली होती.

एवढं वाचल्यावर कोणालाही वाटणारच, की बघा, सिनेमात सगळं लिहिलेलंच होतं. ऊन का नाही? म्हणून. सगळी माणसं घुसमटलेली का? म्हणून. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर या बाबतीत विशेष वाईट. रात्री सर्व्हर पडला की सकाळी मीटिंग लावतो, लॉग उघडतो, शेवटच्या ओळीपासून उलटे वाचत जातो आणि ‘रूट कॉज’ शोधून काढतो. एकदा ते सापडलं की आधीच्या सगळ्या ओळी त्याच्याकडेच जात होत्या असं दिसायला लागतं. सर्व्हरच्या बाबतीत ते बरोबरही असतं. माणसाच्या बाबतीत नसतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आमच्या इंजिनियरिंगच्या बॅचमधला एक मित्र काही वर्षांपूर्वी असाच गेला. नाव सांगत नाही, गावही नाही. बातमी आली आणि दोन दिवस ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी जुने फोटो यायला लागले. मग एकाने लिहिलं, हा गॅदरिंगचा फोटो बघा, याचे डोळे बघा, तेव्हापासूनच काहीतरी होतं. सगळ्यांनी ‘हो रे’ म्हटलं. तो फोटो मी काढलेला होता. दुपारी बारा वाजता, मे महिन्यात, कॉलेजच्या गच्चीवर. त्याच्या डोळ्यांत ऊन येत होतं, म्हणून ते बारीक झाले होते. बाकी काही नव्हतं. त्या दिवशी त्याने मेसच्या आमटीवर जो काही एकपात्री प्रयोग केला होता त्याने आमची पोटं दुखली होती. पण ग्रुपवर आता त्याची सगळी चार वर्षं त्या एका शेवटच्या दिवसाकडे जाणारा रस्ता झाली होती. आमटीचा प्रयोग कोणाला आठवेना. आठवला तरी, ‘आतून दुःखी माणसंच असं हसवतात’ हे वाक्य तयार.

मला तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो. मेलेल्या माणसाकडून त्याचं मरण सोडून बाकी सगळं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

(या लेखामुळे कोणाच्या मनात काही ढवळून निघालं असेल आणि एकट्याने निभत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाला फोन केलात तर आणखी चांगलं.)

म्हणून मी हू बोचा सिनेमा उलटा वाचायला तयार नाही. सुलटा वाचला तर काय दिसतं? एका तरुण मुलाने चार घुसमटलेली माणसं घेतली, आणि त्यांना घराबाहेर काढलं. स्टेशनवर आणलं. पोराला तिकिटाच्या काळ्या बाजारात खोटं तिकीट मिळतं, मग गाडी रद्द होते, तरी त्याने त्यांना परत घरी पाठवलं नाही. बसमध्ये बसवलं. आजोबांबरोबर त्यांची छोटी नातही दिली. ज्याला सगळं संपलंय असंच सांगायचं असतं तो एवढी खटपट कशाला करेल? पटकथा लिहिणाऱ्याला माणसं मारायला एक ओळ पुरते. त्यांना जिवंत ठेवून रात्रीच्या बसमध्ये चढवायला चार तास लागले. आयुष्यात त्याच्या हातून जे झालं ते झालं. त्यावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही. सिनेमात त्याने काय केलं ते मात्र आपल्यासमोर आहे.

आणि हा हत्ती म्हणजे नक्की काय? यावर इंटरनेटवर इतकं लिहिलंय की सहा आंधळ्यांची गोष्ट आठवते. कोणी म्हणतं सहनशक्ती, कोणी म्हणतं मृत्यू, कोणी म्हणतं चीन! आमच्या वेरूळच्या कैलास लेण्याखाली हत्तींची रांग आहे. बाराशे वर्षं ते सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्यात. पर्यटक फोटो काढतात, पोरं हात लावून बघतात, ते ढिम्म. सिनेमा बघितल्यानंतर पहिल्यांदा वेरूळला गेलो तेव्हा मी देवळाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त वेळ बघत होतो. अर्थ विचाराल तर मला सांगता यायचा नाही. पण मांझोउलीच्या हत्तीबद्दल मला एवढं कळलं की तो काय आहे यापेक्षा तो ‘तिकडे’ आहे, हे त्या चौघांना महत्त्वाचं.

हे ‘तिकडे’ आम्हा औरंगाबादकरांना (कागदोपत्री २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरकरांना) कोणी शिकवायला नको. आमचं मांझोउली म्हणजे पुणे. बारावी झाली की पुणे, इंजिनियरिंग झालं की पुणे, एमपीएससी करायची तरी पुणे. वाळूजला कंपन्या आहेत, शेंद्र्याला आहेत, पण संगणकावर पोट भरणाऱ्याला गाव सोडावंच लागतं, असं माझ्या वेळी होतं आणि अजूनही बरंचसं आहे. मी सात वर्षं हिंजवडीत काढली. तिकडे गेल्यावर कळतं की तिकडच्यांचं मांझोउली बंगलोर आहे, आणि बंगलोरवाल्यांचं कॅलिफोर्निया. आता घरून काम करतो आणि इकडे राहतो, तर इकडची पोरं मला विचारतात, "सर, पुण्याला स्कोप आहे ना?" मी काय सांगणार!

नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो आणि परत येतो. नेमाडे तेव्हा पंचविशीचे होते. पुढे काही काळ ते आमच्या विद्यापीठात शिकवायलाही होते. पांडुरंगालाही तिकडे हत्ती सापडला नाही. पण तो गेला नसता तर ‘कोसला’ झाली नसती हेही खरं.

सिनेमात आजोबा पोरांना साधारण हेच सांगतात. मी इतकी वर्षं जगलोय, कुठेही जा, सारखंच आहे, म्हणून इथेच राहून त्या तिकडच्याकडे बघत राहावं, त्यातच शहाणपण आहे. आजोबांचं बरोबर आहे. त्यांच्या वाक्याला खोडून काढता येत नाही. आणि एवढं बोलून झाल्यावर आजोबा नातीला घेऊन बसमध्ये चढतात! चार तासांत मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा ही. जे मत त्यांचं आहे ते तसंच राहतं. पोरं जातायत, तर आपण त्यांच्याबरोबर जायचं. बस.

मग तो शेवट. रात्र आहे, बस कुठल्यातरी आडरानात थांबते. पुण्याहून शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी आलेल्यांना तो थांबा लगेच ओळखू येईल. शिरूरच्या पुढे कुठेतरी, नाहीतर नगर सोडल्यावर, गाडी थांबते, लोक पाय मोकळे करायला उतरतात, थंडी असते, कोणी कोणाला ओळखत नाही आणि तरी त्या हेडलाइटच्या उजेडात सगळे जरा जवळ जवळ उभे राहतात. तसेच हे लोक उतरतात. तीन-पावणेचार तास मानेला चिकटलेला कॅमेरा इथे मागे सरून लांब उभा राहतो. चेहरे दिसत नाहीत, लहान लहान आकृत्या दिसतात. त्यांच्यातलं कोणीतरी पायाने उडवायचा तो चिनी पिसांचा खेळ काढतं आणि सगळे गोल करून खेळायला लागतात. पोरगा, पोरगी, आजोबा, नात. शॉट बराच वेळ चालतो, काहीच होत नाही, ते खेळत राहतात.

आणि अंधारातून हत्तीचा चीत्कार ऐकू येतो. खेळ थांबतो.

मांझोउली अजून आलेलं नसतं, बरं का. हेडफोन लावून बघा, लॅपटॉपच्या स्पीकरवर तो आवाज नीट येत नाही. आणि शनिवारी रात्री नका बघू, रविवारी सकाळी नऊला सुरू करा म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत संपतो आणि दुपारी जरा बाहेर उन्हात फिरून येता येतं.